दाबोळी की मोपा? आणि आमच्या बाबांचा 1961 चा दावा

मुचंडीकर
नमस्कार मंडळी. साधी चौकशी होती. भाच्याला दोहाला नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात जायचंय. एजंटानं तिकीट गोव्याहून काढलंय एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. आता गोव्यात दोन विमानतळ. कुठला म्हणून विचारलं तर म्हणतो, गोवा म्हणजे गोवाच की! गाडी आमचीच, चालवणार मीच. कुठल्या घाटानं जाऊ, किती आधी निघू, जाणकारांनी सांगा.

दुसरं असं की बाबा पण येतो म्हणतायत. वय 78, गुडघे कामातून गेलेत, पण हट्ट धरून बसलेत. कारण विचारलं तर म्हणाले, "गोवा मुक्तीच्या वेळी आपल्या सांबऱ्यातनं विमानं उडाली नि दाबोळी फोडली. मी डोळ्यांनी बघितलंय. फोडलेलं कसं दिसतंय ते एकदा बघू दे." आमचं शेत सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, धावपट्टीपासून दोन बांधांवर. ही गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. त्यातलं खरं किती आणि वाढवलेलं किती, तेही कुणाला माहीत असेल तर लिहा.

चोर्ला_एक्सप्रेस
दादा, आधी तिकिटावरची तीन अक्षरं बघा. जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. मी गेली बारा वर्षं बेळगाव-गोवा गाडी मारतोय. मोपा सुरू झाल्यापासून दाबोळीच्या दारात उतरून कपाळावर हात मारणारी माणसं दर महिन्याला बघतो. दोन्हीच्या मध्ये अख्खं पणजी, दोन खाड्या आणि ट्रॅफिक. चुकला की विमान गेलं म्हणून समजा.

दाबोळी असेल तर खानापूर-रामनगर-अनमोड-मोले-फोंडा. मोपा असेल तर जांबोटी-कणकुंबी-चोर्ला, खाली साखळी, मग अस्नोड्यावरून म्हापशाकडं आणि पुढं महामार्गानं पेडण्याला. नाहीतर शिनोळीवरून आंबोली, सावंतवाडी, बांदा. आंबोलीचा रस्ता लांबचा वाटतो, पण म्हातारं माणूस गाडीत असेल तर हाडं कमी मोडतात. पावसात रात्रीच्या वेळी चोर्ला नको. धुक्यात बॉनेट दिसत नाही.

निपाणीची_सून
आमच्याकडचे सगळे पुण्याहूनच जातात. तिथंही हीच कथा, टर्मिनल आपलं आणि धावपट्टी वायुदलाची. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी लोहगाव सलग 14 दिवस बंद होतं ते आठवतं का? त्याच आठवड्यात माझ्या दिरांचं लग्न. अर्धं वऱ्हाड मुंबईला उतरून टॅक्सीनं आलं. अजून त्यावरून टोमणे खाते, जसं काही मीच जाऊन डांबर ओतलं होतं.

मुचंडीकर
जीओएक्स आहे. म्हणजे मोपा. चोर्लादादा, तुमचे उपकार. मी दाबोळी धरूनच बसलो होतो.

पण आता बाबांचं काय? त्यांना सांगितलं, की दाबोळीला जायचंच नाही, नवीन विमानतळ आहे. तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी जेवले नाहीत.

हंसा_निवृत्त
मुचंडीकर, वडिलांना दाबोळी दाखवाच. भाच्याला मोप्याला सोडलं की पुढे पणजीवरून झुआरी पूल ओलांडून वास्को. सकाळच्या वेळी दोन-अडीच तास धरा.

मी मूळचा कडोलीचा. नौदलात होतो, शेवटची काही वर्षं हंसावर काढली. जे उघड आहे तेवढंच लिहितो.

लोकांना वाटतं की दाबोळी हा विमानतळ आहे आणि नौदलानं तिथं एक कोपरा धरलाय. प्रत्यक्षात उलटं आहे. तो नौदलाचा हवाई तळ आहे, आयएनएस हंसा. त्याच्या एका कडेला नागरी टर्मिनल आणि विमानं उभी करायची जागा. आपल्याकडं वाड्याची पडवी भाड्यानं देतात तसं समजा. पडवीत दुकान कितीही झोकात चाललं तरी अंगण मालकाचं. टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, पण धावपट्टी नौदलाची, आणि उतरणाऱ्या विमानाला 'ये' म्हणणारा नियंत्रण कक्षातला आवाजही नौदलाच्याच माणसाचा. तुम्ही मुंबईहून सुट्टीला येता, हातात टोपी, डोक्यात बीच. तुमच्या वैमानिकाशी तेव्हा बोलत असतो तो गणवेशातला गडी.

म्हणून वर्षानुवर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक या वेळात तिथं नागरी विमानं बंद असायची. लोक चिडायचे. पण तीच आमची शाळेची वेळ. नौदलाचं लढाऊ विमान मिग-29के तिथलंच. विमानवाहू नौकेवरून उडायचं म्हणजे धावपट्टी आखूड आणि पुढं चढ. तो चढ हंसावर जमिनीवरच बांधलाय, म्हणजे पोरगा समुद्रात जायच्या आधी तिथं शिकतो. तेजसच्या नौदल आवृत्तीनं त्या चढावरून पहिली झेप घेतली ती डिसेंबर 2014 मध्ये. अशा वेळी मधेच 180 पर्यटक घेऊन विमान आलं तर काय करणार?

3 जानेवारी 2018 ला एक मिग-29के उड्डाण करतानाच धावपट्टीवरून बाहेर गेलं आणि पेटलं. शिकाऊ वैमानिक वेळेत बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. तेवढ्या वेळासाठी गोव्याची सगळी नागरी वाहतूक थांबली. सामायिक धावपट्टीचा हा हिशेब असतो. दोघांचा फायदा एक आणि दोघांची अडचणही एकच.

शहापूरकर
काका, मस्त लिहिलंत. मग आपलं सांबरा कशात मोडतं? तिथं पण वायुदल आहेच की. शुक्रवारी रात्री कॅम्पातल्या हॉटेलात ती बारीक केस कापलेली पोरं दिसतात ना.

हंसा_निवृत्त
सांबऱ्याचं उलटं. तिथं विमानतळ प्राधिकरणाचा आणि शेजारी वायुदलाचं ठाणं. त्या ठाण्याचं मुख्य काम पोरांना वायुसैनिक बनवायचं. आता अग्निवीरही तिथंच घडतात, पोरीसुद्धा. लढाऊ विमानांचा तळ नव्हे. म्हणून सांबऱ्याला सकाळी बंद, दुपारी चालू असली भानगड नाही.

अर्थात 1942 साली सांबऱ्याची धावपट्टी बांधली ती ब्रिटिश वायुदलानं, महायुद्धात, प्रशिक्षणासाठी. नागरी प्रवासी वगैरे सगळं मागाहून. लोहगावही ब्रिटिशांच्या वायुदलाचंच, 1939 चं. म्हणजे आपण बेळगावकर ज्या तीन विमानतळांवर जातो, सांबरा, पुणे आणि दाबोळी, त्यातले दोन सैन्यासाठी जन्मले आणि एक नंतर सैन्याकडं गेला.

मांद्रेचो_पांयवाट
तिसऱ्याबद्दल मी बोलतो, कारण ते आमच्या अंगणातलं आहे.

दाबोळी पोर्तुगिजांनी पन्नाशीच्या दशकात बांधली ती नागरी विमानतळ म्हणून. त्याला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिशचं नाव होतं. आता पोर्तुगिजांना साडेचारशे वर्षं विमानतळ लागला नव्हता, मग त्याच वेळी का आठवला? कारण भारतानं नाकेबंदी केली. 1955 च्या सत्याग्रहानंतर रेल्वे बंद, रस्ते बंद. कॅसलरॉकला गाडी येऊन थांबायची, पुढं कुळ्याकडं जायची नाही. मग त्यांनी 1955 मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली आणि कराची, दमण, दीव अशी विमानं सुरू केली. पुढं लिस्बनपर्यंत. म्हणजे बेळगावचा बटाटा नि कांदा बंद झाला म्हणून दाबोळीला विमान उतरलं असं म्हटलं तरी चालेल!

मुक्तीनंतर एप्रिल 1962 मध्ये ती नौदलाकडं गेली. हंसा त्याआधी कोईमतूरजवळ होती, 1964 साली गोव्यात हलवली. तेव्हापासून आमच्याकडं एक रुसवा आहे. जुनी माणसं म्हणतात, विमानतळ लोकांचा होता, नौदल पाहुणं म्हणून आलं आणि यजमान झालं. निवृत्त काकांची पडवी आणि वाडा आमच्या घरात उलट्या क्रमानं सांगतात. राग मानू नका.

हंसा_निवृत्त
राग कसला. तुमच्या वडिलधाऱ्यांची बाजू मला वास्कोतल्या प्रत्येक न्हाव्यानं ऐकवली आहे, वस्तरा गळ्याशी असताना.

टिळकवाडीचा_उंदीर
मूळ प्रश्नाकडे येतो. मुचंडीकरांचे बाबा बरोबर आहेत का? अर्धे.

18 डिसेंबर 1961, सोमवार. ऑपरेशन विजय, म्हणजे गोवा मुक्तीची लष्करी मोहीम. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरा विमानांनी, आणि ती उडाली पुण्याहून. पहिल्या खेपेला 12 विमानं, विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली, काही मिनिटांत 63,000 पौंड बॉम्ब. मग दुसरी खेप 8 विमानांची. हवाई मोहिमेचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो. त्यांची सूचना होती की धावपट्टी निकामी करा पण टर्मिनलला आणि इतर इमारतींना हात लावू नका, उद्या आपल्यालाच लागणार आहेत. वैमानिकांनी ती तंतोतंत पाळली. त्यामुळं टर्मिनलजवळ उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानंही वाचली, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-4. रात्री पोर्तुगिजांनी धावपट्टीवरचे खड्डे जमेल तेवढे बुजवले आणि ती दोन्ही विमानं अंधारात उडून थेट कराचीला गेली. अधिकाऱ्यांची बायकामुलं त्यात होती. फुटक्या धावपट्टीवरून चार इंजिनांचं अजस्र विमान उचलणारा तो कोण वैमानिक असेल, शत्रूचा असला तरी सलाम.

आता सांबरा. सांबऱ्यातून उडाली ती हंटर विमानं. सहा. त्यांचं लक्ष्य दाबोळी नव्हतंच. त्यांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं, रॉकेट आणि तोफा वापरून. गोव्याचा बाहेरच्या जगाशी बोलायचा आवाज बंद करणं हे काम बेळगावच्या वाट्याला होतं. म्हणजे बाबांनी विमानं उडताना पाहिली हे शंभर टक्के खरं. फक्त ती गेली बांबोळीला.

गंमत बघा, निवृत्त काकांनी जे तीन विमानतळ मोजले ते तिन्ही त्या एका सकाळी एकमेकांत गुंतलेले. पुण्यानं मारलं, दाबोळीनं सोसलं, आणि सांबऱ्यानं शेजारी बोलणारा रेडिओ गप्प केला.

मुचंडीकर
उंदीरसाहेब, तुमचं लिखाण बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चूक केली. "त्याला काय कळतंय, तो तेव्हा जन्मला तरी होता काय? मी शाळू राखायला शेतात होतो. थंडी. कानात मफलर. एकदम असा आवाज आला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. एकामागनं एक गेली. दाबोळीलाच गेली!" मी म्हटलं, बाबा, विमानावर पाटी लावलेली असते काय एसटीसारखी? त्यावर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अनगोळची_आक्का
बाबांना माझा नमस्कार सांगा. माझ्या आईनं पण ते दिवस बघितलेत, पण आवाज नाही, रस्ता. डिसेंबरच्या सुरुवातीपासून बेळगावात फौज उतरत होती. सतरावी डिव्हिजन बेळगावात गोळा झाली होती. आई सांगायची की खानापूर रोडवर ट्रक संपतच नव्हते, आणि आजीनं मोजायचा नाद सोडून शेवटी भाकऱ्या थापायला घेतल्या. ज्या अनमोड घाटानं आता आपण गाडीत एसी लावून जातो, त्याच घाटानं ते खाली उतरले. मोले, फोंडा. दुसऱ्या दिवशी, 19 ला, सगळं संपलं सुद्धा.

आमच्या गल्लीत एक आजोबा होते, कॅम्पातले निवृत्त मराठा लाइट इन्फंट्रीवाले. ते म्हणायचे, गोव्याची लढाई म्हणजे बेळगावात वर्षभर तयारी, गोव्यात दीड दिवस काम. वर्षभर वगैरे जरा जास्तच झालं, पण त्यांना कोण थांबवणार?

कॅसलरॉकवाला
रेडिओचं नाव निघालं म्हणून लिहितो. बांबोळीचा आवाज 18 ला बंद झाला, पण त्याच्याशी सहा वर्षं भांडणारा आवाज आमच्या बाजूनं होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर 1955 मध्ये आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला. नंतर तो कॅसलरॉकला हलवला. पोर्तुगीज आणि कोकणीतून रोज प्रक्षेपण. जंगलात, ट्रकमध्ये बसवलेली यंत्रणा, जळवा आणि पाऊस. माझं आजोळ तिथंच. आमच्या आजोबांना तेव्हा काही पत्ता नव्हता, एवढंच माहीत की जंगलात कुणीतरी 'शिकलेली माणसं' राहतात आणि त्यांच्याकडं जायचं नाही.

आणि 19 डिसेंबरला हे दोघं वायुदलाच्या विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत पणजीवरून फिरले. पुढं त्यांनी लग्न केलं. लिबियाबाईंना 2025 साली पद्मश्री मिळाली, वयाची शंभरी ओलांडल्यावर. सांबरा विमानतळाला कुणाकुणाची नावं सुचवतात, या दोघांचं कुणी घेत नाही.

गणपत_गल्ली_गँग
नावाचा विषय काढलासच का बाबा. डिसेंबर 2023 मध्ये इथंच सुवर्णसौधात अधिवेशन चालू असताना कित्तूर राणी चन्नम्मांचं नाव देण्याचा ठराव कर्नाटक विधानसभेत झाला. आता दुसरी बाजू उठेल, मग तिसरी. आम्हाला विचाराल तर आधी विमानं टिकवा. एक कंपनी येते, फीत कापते, सहा महिने उडते आणि मार्ग बंद करते. 2017 साली नवं टर्मिनल झालं, धावपट्टी 1830 मीटरवरून 2300 केली. 2024 च्या मार्चमध्ये परत आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी. त्याच दिवशी पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन. त्यांना पेढा, आम्हाला नारळ! आणि दोहाला जायला अजून मोपाच.

संपादक
नावाच्या वादावर स्वतंत्र धागा आहे, 214 प्रतिसादांनंतर कुलूप लावलेला. इथं नको. विमानांवर बोला, माणसांवर नको.

शहापूरकर
संपादकसाहेबांना कुंदा पाठवा कुणीतरी, गोड होतील.

निवृत्त काका, एक शंका. दाबोळीजवळ नौदलाचं संग्रहालय आहे ना, बोगमाळोच्या वाटेवर? तिथं एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. शाळेच्या सहलीत गाइडनं सांगितलं होतं की हेच ते पोर्तुगिजांचं विमान. मग ते कराचीला गेलं ते कुठलं?

हंसा_निवृत्त
गाइडला दोन दिवस पाणी पाजू नका. ते विमान आपल्या एअर इंडियाचं. आधी प्रवासी वाहतुकीत, मग वायुदलाकडं, मग नौदलाकडं सागरी टेहळणीला. निवृत्त झाल्यावर संग्रहालयात आलं. पोर्तुगिजांचं त्या रात्री गेलं ते परत आलं नाही. जात एकच, पण घराणं वेगळं.

संग्रहालय 1998 पासून आहे. सी हॅरियर, अलिझे सगळी बाहेर उघड्यावर उभी आहेत, हात लावण्याइतकी जवळ. मुचंडीकर, वडिलांना तिथंच न्या. दाबोळीत टर्मिनलच्या बाहेरून धावपट्टी काही दिसायची नाही, आणि फोटो काढायला गेलात तर सुरक्षावाले मोबाइल मागतील. आत विमानात बसलेल्यांनाही फोटोची मनाई असते, संरक्षण तळ आहे तो. संग्रहालयाकडून निदान आवाज तरी ऐकू येतो. कामाच्या दिवशी सकाळी जा. सोमवारी बंद असतं बहुतेक, आधी फोन करून घ्या.

निपाणीची_सून
आणि गुडघ्यांसाठी घडीची खुर्ची घ्या बरोबर. पुरुषमंडळी बॉम्ब मोजतात, खुर्ची विसरतात.

चोर्ला_एक्सप्रेस
+1 ताई. आणि पुढच्या सीटवर बसवा, मागं नको. आंबोलीनंच जा.

टिळकवाडीचा_उंदीर
एक भर घालतो. मोप्याहून दाबोळीला जाताना पणजीनंतर बांबोळी लागतं, महामार्गावरच. गोवा मेडिकल कॉलेजचं ते मोठं रुग्णालय आहे ना, तेच पठार. बाबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आधीच एकदा शिव्या खाल्ल्यात.

मुचंडीकर
जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, भात कापणी चालू होती.

भाचा सुखरूप पोचला. मोप्यात काही अडचण नाही, सगळं चकचकीत, पण त्याच्या आईनं दिलेला चार किलो कुंदा सामानात वजनाला बसेना. दोन किलो आम्ही परत आणला आणि वाटेत खाल्ला. बाबांना साखर आहे, त्यांच्या नकळत ते अर्धा किलो खाऊन बसले.

उजाडल्यावर पणजीत चहा घेतला आणि संग्रहालयात गेलो. निवृत्त काका, तुमचं खरं होतं, हात लावण्याइतकी जवळ आहेत. बाबा सी हॅरियरपाशी घडीच्या खुर्चीत (धन्यवाद ताई) बसून राहिले. मी म्हटलं, हे त्या वेळचं नाही, हे पुष्कळ नंतरचं. म्हणाले, "माहीत आहे, पाटी वाचता येतीय मला." मग एकदम पलीकडून आवाज सुरू झाला. दिसलं काहीच नाही, झाडांच्या वर आभाळ तेवढं थरथरत होतं. दोनदा, तीनदा. सहलीची पोरं कानावर हात ठेवून ओरडत होती. बाबा उठून उभे राहिले, गुडघे विसरून. हाताच्या बोटांवर मोजत होते. "तीन," म्हणाले. "आपली सहा होती."

मी गप्प. म्हणजे सहा हा आकडा त्यांना उंदीरसाहेबांच्या आधीपासून माहीत होता. आठवून बघितलं तर लहानपणी सांगायचे तेव्हाही सहाच सांगायचे. आम्हीच कधी नीट ऐकलं नाही.

परतताना झुआरीचा नवा पूल ओलांडून चढ चढलो. बांबोळी आलं. मी काही बोलणार नव्हतो. त्यांनीच विचारलं, "ते उंदीर म्हणतंय ते गाव कुठलं?" म्हटलं, हेच. गाडी हळू केली. डाव्या हाताला रुग्णालय, बाहेर रिक्षा, नारळपाणीवाला, आजाऱ्याला धरून चाललेली माणसं. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या पोराला इथंच आणला होता अपघातानंतर, बाबा तेव्हा रोज फोन करून विचारायचे, बांबोळीला काय म्हणतायत डॉक्टर.

बराच वेळ काचेतून बघत होते. मग म्हणाले, "इथं?"

"इथंच कुठंतरी."

साखळी येईपर्यंत बोलले नाहीत. हो, येताना चोर्ल्यानंच आलो, चोर्लादादा रागावू नका, दिवसा होतो आणि ऊन होतं. घाट चढताना म्हणाले, "गावात कुणाला सांगू नको. साठ वर्षं मी सगळ्यांना दाबोळी सांगत आलोय."